पंपवाला

सुखारी महतोचा दिवस दोरीच्या हिसक्यानं उजाडायचा.
दोन हिसके वाया. तिसऱ्याला काळा धूर,
आणि कुम्हरारच्या त्या चौकोनी खड्ड्यात
रात्रभर साचलेलं पाणी
नळीतून खोकत खोकत नाल्याकडे निघायचं.

नऊच्या सुमाराला खांब दिसू लागत.
खांब कसले, खांबांच्या जागा:
ओल्या मातीत राखेची वर्तुळं, पंधरा पंधरा फुटांवर,
पंगत उठून गेल्यावर
पत्रावळी तशाच राहाव्यात, तशी.

मी नकाशे काढायचो.
आलेखाच्या कागदावर ऐंशी शून्यं, एका मापाची.
साहेब काठावरून सांगत:
इथे सभा भरत असणार, इथून दूत निघत असणार,
इथे परक्या देशाचे वकील ताटकळत असणार.
असणार हा आमच्या खात्याचा लाडका शब्द.
सुखारीचं सगळं आहे आणि नाही मध्ये भागायचं.
पाणी आहे. चिखल आहे.
डिझेल नाही.

खाली सालाची लाकडं निघाली.
दोन हजारांहून जास्त वर्षं ओली, काळीभोर,
कालच रंधा मारल्यासारखी.
वारा लागला, आणि आठ दिवसांत उभी तडकली.
सुखारी त्यांच्यावर भिजलेली पोती टाकायचा,
तापलेल्या पोराच्या कपाळावर घडी ठेवावी तशी,
आणि पुन्हा जाऊन पंप चालू करायचा.
एका हातानं ओलं, एका हातानं कोरडं.
पगार दोन्हींचा मिळून एकच.

एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यानं माझा नकाशा पाहिला,
एका शून्यावर बोट ठेवून विचारलं,
बाबू, ह्यात दार कुठे?
मी म्हटलं, दार अजून सापडलं नाही.
तो म्हणाला, आमच्या दियाऱ्यावर गंगा कापायला लागली
की पहिल्यांदा दार उपसायचं.
भिंती मग जाऊ देत.
त्याचं गाव सात वेळा कापलं गेलं होतं.
तीच चौकट आठव्या घराला होती,
खाली किडलेली, वरती शाबूत.

कार्तिकात, छठच्या संध्याकाळी,
पंप सुरूच झाला नाही.
सुखारी म्हणाला, बिघडलाय.
फुलेसरी कमरेएवढ्या पाण्यात उतरली,
सुपात ऊस, केळी, ठेकुआ,
नाकापासून भांगापर्यंत केशरी सिंदूर.
घाट लांब, गुडघे दुखरे, आणि पाणी तर काय, पाणीच.
राखेच्या वर्तुळांवर पाय रोवून
तिनं मावळत्याला अर्घ्य दिलं.
साहेबांनी पाहिलं,
मग बराच वेळ चष्मा पुसत बसले.
दुसऱ्या पहाटे पुन्हा तसंच, उगवतीकडे तोंड करून.
सात वाजता पंप पहिल्या हिसक्याला लागला.

पुढे कागद आला.
भूजल वाढते आहे, अवशेषांस धोका आहे,
सबब खड्डा बुजवावा.
ट्रक रात्रीचे यायचे. वाळू ओतायचे.
सुखारीनं चिमूटभर जिभेवर ठेवली, थुंकला,
म्हणाला, ही आमच्याकडची.
असेल.
वाळूला काय, कुणीही आपली म्हणावं.

शेवटच्या दिवशी त्यानं पंप बंद केला
तेव्हा प्रथमच कळलं
की इतकी वर्षं आपण सगळे ओरडून बोलत होतो.
त्या शांततेत खालून पाणी येताना ऐकू आलं.
घाई नव्हती त्याला.
"ई पानी के घर हइ, बाबू," सुखारी म्हणाला,
"हम लोग त किरायादार."
मग नळी गुंडाळली, खांद्यावर टाकली,
आणि सही कुठे करायची ते विचारलं.

आता तिथे हिरवळ आहे. तिकीट आहे.
झाडामागे जोडपी, भुईमुगाची टरफलं,
दोन चपलांचा यष्टी करून खेळणारी पोरं.
चेंडू ज्याला लागतो तो रडका म्हणतो,
मी बाहेर होतो, रेषेच्या बाहेर.
रेषा कुठली, ते कुणालाच ठाऊक नाही.

मला माहीत आहे, पण मी सांगत नाही.
कागद माझ्याकडे आहे, घड्यांवर फाटत चाललेला.
तेहेतिसाव्या शून्यात
डिझेलचं एक बोट उमटलंय.
पावसाळ्यात तेवढंच जरा
गडद होतं.