टक्के

दूध पिताना भार्गवीला घाम यायचा.
कपाळावर, वरच्या ओठावर, बारीक,
फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला येतो तसा.
सासूबाई म्हणाल्या, मे महिना आहे.
शेजारीण म्हणाली, आमच्यालाही यायचा.
दोन घोट, मग थांबणं, मग कण्हणं,
तीन महिन्यांच्या पोरीचं, म्हाताऱ्या माणसासारखं.

नेरुळच्या डॉक्टरांनी बिलाच्या पाठीवर चित्र काढलं:
ही महाधमनी, ही फुप्फुसाकडे जाणारी,
आणि हृदयाला स्वतःला रक्त पाजणारी ही बारकी नळी,
ती हिच्याऐवजी तिच्यातून उगवलीय.
मला काही कळलं नाही.
नितेशला कळलं. तो पालिकेत व्हॉल्व्हमन,
घणसोलीच्या चार सेक्टरांचं पाणी त्याच्या चावीवर.
"म्हणजे जोडणी चुकीच्या लाइनला," तो म्हणाला,
"दाबच नाही. चढणार कसं?"
डॉक्टर क्षणभर त्याच्याकडे बघत राहिले.
त्या पहाटे तो चावी घेऊन गेला
आणि सेक्टर सातचं पाणी सोडायला विसरला,
नऊ वर्षांत पहिल्यांदा.

बावीस टक्के.
एका ठोक्याला तिचं हृदय एवढंच बाहेर ढकलत होतं.
मी दहावीला छप्पन मिळवलेली बाई,
बावीस म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको.
"शंभर कुणाचेच नसतात," डॉक्टर म्हणाले,
"माझेही साठच असतील."

सात तास लागले.
छाती दोन दिवस उघडीच ठेवली, वर पारदर्शक पट्टी.
आईनं बघू नये म्हणाले.
बघितलं.
जांभळासारखं काहीतरी, मुठीहून मोठं,
थकून, थकून हलत होतं.

आणि नंतरच्या तपासणीत चोवीस.
नितेश चिडला. नळी बदलली, दाब आला, मग?
मी व्हॉल्व्ह फिरवला की दहा मिनिटांत
तिसऱ्या मजल्यावर बादल्या वाजतात.
शीजा सिस्टर सलाइनची बाटली बदलता बदलता म्हणाली,
"स्नायू मेला नाही हो. निजलाय.
फार दिवस उपाशी होता, तसाच निजलाय."

हे मात्र मला कळलं.
उपाशी निजलेल्या लेकराला
गदागदा हलवून उठवत नाहीत.
ताट झाकून जवळ बसतात.

दुधाच्या कॅलेंडरवर मी लिहीत गेले.
अर्धा लिटर. अर्धा लिटर. आज नाही.
आषाढात एकतीस.
गौरी जेवल्या त्या दिवशी अडतीस, झडप अजून गळते.
दिवाळीआधी सत्तेचाळीस.
दूधवाला हिशोबाला आला, म्हणाला,
वहिनी, सत्तेचाळीस लिटर कधी घेतलंत?

काल रात्री तीन वाजता रडली.
हातातला चमचा मी काढून घेतला म्हणून.
पूर्वी दोन श्वास रडायची
आणि राखेसारखी व्हायची, आवाजाशिवाय.
काल अकरा मिनिटं, घड्याळ लावून.
भिंती हलवल्या. वरच्या काकांनी फरशी ठोकली.
नितेश उठायला लागला, मी त्याचा हात धरला.
थांब. अजून थोडं.

मग तिच्या कपाळावरून तळवा फिरवला.
कोरडं.
घाम होता तो माझ्या हाताचा.
मार्चमध्ये पुन्हा बोलावलंय.