मोजपट्टी

पूर्वी नवव्या पावलाला टाच भिजायची.
बिबिझादा अजून सकाळी सातला काठ उतरते.
मोजपट्टीच्या पायथ्याशी
सरडा बसलेला असतो सावलीला.

पांढरे आकडे बापाने रंगवलेले.
चारशेवीसपाशी एक वाकडी रेघ:
त्या साली आमूदर्या गेंजेबायच्या गोठ्यात शिरली
आणि गाईच्या पायांत कार्प मासे सापडले, एवढाले.
सांगताना बाप दोन्ही हात पसरायचा,
दर वर्षी थोडे अधिक.

वर कुठेतरी कापसाला पाणी सोडतात.
इथे लोकांनी पाणी सोडलं
आधी होड्यांवर, मग खरबुजांवर,
मग घरांवर.
जाताना दारं चौकटीसकट उपटून नेली,
इकडे लाकूड कुठलं मिळायला.
शेजारच्या सात घरांतून आता
वारा आरपार जातो, मीठ घेऊन.
दोरीवरचा शर्ट वाळला की
काढल्यावरही हात वर करून उभा.

नुकूसहून फोन येतो: आकडा?
शून्य म्हटलं की पोरगा वैतागतो.
शून्याखालचं लिहायला फॉर्मात रकाना नाही.

काल तिने पट्टीच्या बुडाशी वाळू उकरली,
हात घातला कोपरापर्यंत,
मग गाल जमिनीला टेकवून
खांद्यापर्यंत.

फोन वाजला.
"लिही," ती म्हणाली, "आहे."
"किती?"

नखांतली वाळू तिने काडीने काढली,
एकेका बोटाची, सावकाश.
तो पलीकडे वाट बघत होता, पेन उघडून.

"बोटांच्या टोकांना लागेल
एवढी ओल."