बैठक

टॅक्सीच्या कॅरिअरवर काथ्यानं बांधून
भाऊंची खुर्ची माहीमहून ताडदेवला आणली,
चारी पाय वर.
टॅक्सीवाल्यानं तिचे वेगळे वीस घेतले.

जिन्याखाली विश्राम तोडणकर बसतो.
दिवा नाही. त्याला लागत नाही.
बादलीत वेत भिजत पडलेला,
मांडीशी खुंट्यांचा डबा,
आणि भिंतीला लावून कोर्टाच्या खुर्च्या,
पाठीवर पांढऱ्या रंगात नंबर.

"जजसाहेबांच्या का?"
"नाय ओ. साहेबाचा वेत मधोमध बसतो.
ह्या बाहेरच्या. पुकारा होईपर्यंत बसतात त्यांच्या.
बघा, सगळ्या पुढच्या काठाला तुटल्यात."

बघा, म्हणाला तो.

मग भाऊंची खुर्ची पुढ्यात ओढून
हातांवरून हात फिरवला, पायांना नख मारलं.
"सागवान. पण मागला डावा फणसाचा."
खरं होतं. मी सातवीत असताना
मुकुंदमामा हसता हसता खाली आला होता,
पायासकट.

ही खुर्ची माझगावच्या लिलावातली.
भाऊ पोर्ट ट्रस्टमध्ये हेडक्लार्क,
घरी आले की टोपी खुंटीला आणि ते खुर्चीत.
दुसरं कोणी बसायचं नाही
असं कोणी कधी म्हटलं नव्हतं.
पाहुण्यांना कॉट, आम्हाला सतरंजी,
आईला पाट, तोही जेवायला,
सगळ्यांची पानं उचलून झाल्यावर.
एरवी भिंत.
तिच्या डोक्याचा तेलकट गोल
दर दिवाळीत चुन्याखाली जायचा
आणि संक्रांतीपर्यंत वर यायचा.

विश्रामची बोटं बैठकीवर थांबली होती.
"दोन माणसं बसायची हिच्यावर."
"नाही. एकच. आमचे वडील."
"ते इथं. जड अंगाचे, उजवीकडे कलणारे,
पेपर वाचत असणार.
हा दुसरा खळगा हलका आहे.
अगदी काठाला. मागं टेकलेलंच नाही कधी.
कोण तरी बसायचं,
उठायच्या बेतात."

दुपारी दोन ते चार.
भाऊ बॅलार्ड पियरला, आम्ही शाळेत,
नळ गेलेला, दार नुसतं लोटलेलं.
एकोणतीस वर्षांच्या दुपारी
मी तिथंच उभ्याउभ्या मोजू लागले
आणि सोडून दिलं.

"खळगे राहतील का हो?"
फार बावळट विचारलं.
तो हसला नाही.
"नवा वेत कोणाला ओळखत नाय, ताई.
त्याला बसून बसून सांगायला लागतं."

आठ दिवसांनी खुर्ची घरी आली.
पिवळीधमक, ओल्या गवताच्या वासाची,
अष्टकोनी भोकांतून खालची फरशी दिसणारी.
आईनं लांबूनच पाहिली.
"छान झाली. ह्यांच्या जागेवर ठेव."
"बस ना तू."
"नको गं, मला खालीच बरं.
टेकून बसलं की पाय लोंबतात माझे."

तुला कसं माहीत, असं
मी विचारलं नाही.

माळ्यावरून पाट काढला, पितळी फुल्यांचा,
पुसून खुर्चीपुढे ठेवला.
"हे काय? पाटाला पाय लावतात का कोणी?"
"राहू दे तिथं."
"उचल तो."
"उचलते मग."
उचलला नाही.

रात्री वेत वाळत होता.
वाळताना ताणला जातो, टक् करून वाजतो,
थोडं थांबून पुन्हा टक्.
अंधारात आई म्हणाली,
"कोण बसलंय?"
"कोणी नाही गं. झोप."

आता मी नऊला निघते, सातला येते.
पाट अजून तिथंच आहे,
कधी थोडा तिरका, कधी सरळ.
पर्समध्ये घराची किल्ली असते माझ्या,
तरी हल्ली बेल वाजवते
आणि दाराबाहेर
जरा वेळ देते.