उसना उजेड

बूट दारातच काढ, लेल्दे, बर्फ वितळेल फरशीवर.
तुझं न्हाणीघर आणि माझं, एकच समज,
मध्ये फक्त एक मजला.
रीगातल्या ह्या पाच मजली इमारतींत
बांधणाऱ्यांनी न्हाणीघराला आकाश दिलंच नाही.
दिली ही एक काच, छताखाली,
स्वयंपाकघराकडे बघणारी.
कशासाठी, कुणालाच ठाऊक नाही.
कुणी म्हणतं, वीज वाचावी.
कुणी म्हणतं, क्षयाच्या जंतूंवर ऊन पडावं.
ओयार्स म्हणायचा, आंघोळ करता करता
काच ठोकून विचारता यावं, सूप झालं का?

झाड आणायचं म्हणतेस, तर आधी
वर्तमानपत्र घेऊन भर दुपारी टबच्या काठावर बस.
दिवा लावू नकोस.
मथळा वाचता आला, तर नेचा जगेल.
बारीक अक्षर वाचता आलं, तर हवं ते आण
आणि मलाही सांग, मीच येते राहायला.
काहीच दिसलं नाही
तर प्लास्टिकचं घे. कुणाला सांगू नकोस.

मी दिसण्यावर गेले.
बाजारात मारुता बसते, तिच्याकडून
निवडुंग आणला, गोंडस, मुठीएवढा.
दीड महिन्यात बुडातून मऊ पडला,
बरणीत विसरलेल्या काकडीसारखा.
मग क्रोटन. एवढी रंगीत पानं घेऊन आला
आणि रुसलेल्या जावयासारखा
एकेक करून सगळी टाकून बसला.
"पाणी किती घातलंस?"
"रोज."
मारुता हसली नाही. म्हणाली,
"बाई, अति तेथे माती,
आणि तुझ्या कुंडीत ती आधीच आहे."

मग तिनं हा नेचा दिला.
उणे अकरा होतं. कागदात गुंडाळून,
कोटाच्या आत धरून ट्रॅमनं आणला.
शेजारच्या बाईला वाटलं, मांजर आहे.
हा इथे, टबच्या डोक्याशी.
बोट खुपस. पहिल्या पेरापर्यंत.
कोरडं लागलं तरच पाणी,
तेही बादलीत रात्रभर निवलेलं.
नेच्याची पानं पुसायची नाहीत.
पुसायची ती ह्या मनीप्लांटची, ओल्या फडक्यानं.
फळीवर तो गोल डाग दिसतो?
ओयार्सचा दाढीचा मग असायचा तिथे.
बरोबर तेवढ्या बुडाची कुंडी
शोधायला मला दोन वर्षं लागली.

मारुतानं एक सांगितलं नव्हतं.
नेच्याला वाफ लागते.
इथेच घसरला ना तो, ह्या काठावरून.
त्यानंतर मी तोंड-हातपाय स्वयंपाकघरात धुवायची,
आठवड्यातून एकदा आंघोळ, दार सताड उघडं,
पाच मिनिटांत बाहेर.
नेच्याची टोकं तपकिरी व्हायला लागली.
मी बशांत पाणी ठेवलं, फवारे मारले.
टोकं तपकिरीच.
शेवटी एका संध्याकाळी दार लावलं
आणि गरम पाणी सोडलं. झाडासाठी, बरं का.
आरसा गेला, फळी गेली, भिंतही दिसेना.
मग म्हटलं, मीटर फिरतोय,
पाणी फुकट का घालवा.
उतरले.

आता उन्हाळ्यात पाइपांच्या दुरुस्तीला
गरम पाणी बंद असतं, तेव्हा किटल्या उकळते
आणि दोघांसमोर ठेवते.
हिवाळ्यात साडेतीनलाच अंधार,
म्हणून स्वयंपाकघरातला दिवा नऊपर्यंत जळतो.
काचेतून जो काही जाईल तो जाईल.
दिवा आहे म्हणून मी बसते,
बसले की काहीतरी शिजवते.
विजेच्या बिलावर बोलू नकोस.

हे घे, ह्याचंच पिल्लू, मार्चमध्ये वेगळं केलेलं.
पण उद्या आधी वर्तमानपत्र. विसरू नकोस.
आणि असं उघडं नेऊ नकोस, वेडे,
कोटात घाल.
एकच मजला असला तरी जिना गार आहे.