दिवसाआड

गुडगावच्या बत्रांनी पडद्यावर धबधबा दाखवला.
खराखुरा. हिरव्या डोंगरातला फोटो.
वरच्या पायरीवर ‘गरजा’, खाली ‘रचना’, मग ‘बांधणी’, मग ‘चाचणी’,
आणि अगदी तळाला, तुषारांत,
बारीक अक्षरांत ‘विद्यार्थी’.
पाणी एकदा उतरलं की वर चढत नाही, म्हणाले,
म्हणून सगळं आधी लिहून घ्या, सह्या करा.
ग्वाल्हेरात, मे महिन्यात, घरघरत्या कूलरपुढे
आम्ही अकरा जण त्या पाण्याकडे बघत राहिलो.
आमच्याकडे नळ दिवसाआड येतो.

कुलसचिव शितोळे म्हणाले, मला हे आवडलं.
ह्यात सही आहे.

माझ्याकडे फोटो नव्हता.
मी म्हटलं, आधी एकच खिडकी करू, एकच फॉर्म.
पंधरा दिवसांत चालवून दाखवते. तुम्ही चुका काढा.
पुढच्या पंधरा दिवसांत त्या काढून टाकते, नव्या करते.
‘म्हणजे शेवटी काय मिळणार हे तुम्हालाही ठाऊक नाही?’
‘नाही.’
हे मी जरा वेगळ्या शब्दांत सांगायला हवं होतं.

लेखा विभागाचे दिघे चष्मा पुसत म्हणाले,
फी दर पंधरवड्याला बदलता येत नाही, बाई.
बरोबर होतं त्यांचं.
मी वहीत लिहून घेतलं, खाली रेघ मारली.

जेवणाच्या सुट्टीत चार नंबरच्या खिडकीवर गेले.
भदौरिया बाबू. एकतीस वर्षं हीच खिडकी.
बैठकीला त्यांना कुणी बोलावलं नव्हतं;
‘हम तो यूज़र हैं,’ म्हणाले, शब्द नवा शिकल्यासारखे.
लाल कापडात बांधलेलं रजिस्टर उघडलं.
रकान्यांत शाई. समासात पेन्सिल.

वडिलांचं नाव देत नाही, आईचं घेतलं.
श्योपूरची बस बंद पडली, तारीख कालची धरली.
जुळे भाऊ. सगळं सारखं. डाव्या भुवईवर खूण आहे तो विज्ञानाचा.
नाव फूलवती. पुढे काही नाही.
विचारलं. काही नाहीच.

पेन्सिल का, बाबूजी?
‘नियम बदल जाए तो, मैडम? रबर भी तो चले.’

दुपारी ते रजिस्टर मी टेबलावर ठेवलं.
बत्रांनी चार पानं चाळली, सभ्यपणे.
हे अपवाद आहेत, म्हणाले. फार तर दोन टक्के.
एक्केचाळीस हजारांचे दोन टक्के
मी वहीच्या मागच्या पानावर काढले:
आठशे वीस.
मागच्या जूनमध्ये फाटकाबाहेरची रांग
पेट्रोल पंपाच्याही पुढे गेली होती,
ओढण्या डोक्यावर, फायली डोक्यावर,
कुणाची आई पायातली चप्पल काढून तिच्यावर बसलेली.
त्यातले आठशे वीस कोण
हे वरून ओळखता आलं नसतं.

बराच वेळ कुणी बोललं नाही. कूलरचं पाणी संपलं,
नुसती गरम हवा यायला लागली.
मग बत्रांनीच हळूच विचारलं,
त्या मुलीच्या आडनावाच्या रकान्यात शेवटी काय भरलं?

भदौरियांना बोलावून आणलं.
बारावी खुर्ची कोठारातून आली, एक हात तुटलेली.
ते बसले नाहीत.
‘बिंदी लगा दी, साहब.’
एक टिंब.
गेल्या वर्षीचं यंत्र टिंबाला आडनाव मानत होतं.
ह्या वर्षी मानेल का, कुणालाच माहीत नव्हतं.

शितोळ्यांनी इतिवृत्तात लिहिलं: संमिश्र पद्धत.
फी आणि तारखा सहीनं, एकदाच, वरून खाली.
बाकीचं पंधरवड्यांनी. तूर्त. प्रायोगिक.
खाली सगळ्यांच्या सह्या.
भदौरियांची नाही, तशी रेघच आखलेली नव्हती.

आज पहाटे पाचला दानाओळीत नळ आला.
मोटार लावली, गच्चीवर जाऊन टाकीत वाकून पाहिलं:
तिघऱ्याचं पाणी, आधी मातकट, मग जरा बरं.
खाली येऊन पहिलं कार्ड लिहिलं:
आडनाव सक्तीचं नाही.

दिघे विचारतीलच, मग पावतीवर काय छापायचं?
विचारू देत.
परवा सांगते.