भाडेकरूंचा सत्कार, परभणी

मंगल कार्यालयही भाड्याचंच,
नऊला रिकामं करायचं.
दाराशी डालड्याचा डबा, झाकणाला चीर,
कोर्टाच्या तारखांसाठी.
नळ तोडलेल्या खोल्यांतली माणसं
घामट नोटा आत सोडतात.

गयाबाई सूर्यतळ. बारा वर्षं
दुसऱ्यांच्या पावत्या पिशवीत घालून
कचेरीचे जिने चढलेल्या.
मानपत्रावर पत्त्याची जागा कोरी,
छपाई होईस्तोवर खोली बदललेली.

शाल घेतली. नारळ कानाशी हलवला.
"घरमालकांनी लई येळा नारळ दिला मला.
पाणी असलेला ह्योच पहिला."

हशा पिकला. त्या हसल्या नाहीत.
डब्यापाशी थांबून म्हणाल्या,
"आधी मोजा. पावती फाडा."
आणि निघाल्या लगबगीनं.
दहाला गेटला कुलूप लागतं.