पंखा बंद ठेवून पाहिलेला बर्फ

मे महिना. विडी घरकुलातली दुपार.
पत्र्यावर कावळाही पाय टेकत नाही.
पंखा आहे, पण बंद.
सुपातली तंबाखू उडते म्हणून आमच्याकडे
पंखा फिरतो तो हजार भरल्यावरच.

आईने मोबाइल तांब्याला टेकवून ठेवलाय.
त्यात बर्फ पडतोय.

गोरी माणसं हिंदीत बोलतात, नाताळ जवळ आलेला असतो.
एक बाई मोठ्या शहरातून गावी येते,
तिच्या बापाची बेकरी बुडायला टेकलेली,
लाकडं विकणारा एक विधुर, त्याची अतिशहाणी मुलगी,
आणि चोवीस तारखेपर्यंत
सगळ्यांचं सगळं मिटतं.
भूदेवी मावशी विचारते,
या लोकांचं बोनसवरून कधी वाजत नाही का गं?

पण आम्ही गोष्ट बघत नाही.
आम्ही मागचं बघतो.
दिव्यांच्या माळांखालून जी माणसं
उगीच येतात, उगीच जातात,
त्यांच्यात आमचा गोवर्धन असतो.
विनिपेगला शिकायला गेलेला माझा धाकटा भाऊ
महिन्यातून दोन दिवस सिनेमात चालतो.
नुसता चालतो. त्याचे पैसे मिळतात.
आईला हे पटायला वर्ष गेलं.
चालायचे पैसे? मग मी तीस वर्षं
टोपली घेऊन कारखान्यावर चालत जाते, त्याचं काय?

त्यानेच फोनवर सांगितलं होतं,
अक्का, हा आम्ही जुलैत काढला.
कागदाचा भुगा पसरतात, साबणाचा फेस मारतात,
झाडांना पांढरं कापड गुंडाळतात.
आणि बर्फ उडवायला पंखे. दारापेक्षा उंच पंखे.
आई तेव्हा काही बोलली नाही.
फक्त मान वर करून
आमच्या पंख्याकडे बघितलं.

बावन्नावं मिनिट. आलं, आलं, मी म्हणते.
बाई आणि विधुर दुकानासमोर भांडतायत,
आणि त्यांच्या दोघांच्या खांद्यांमधून
काळा कोट, लाल मफलर,
हातात भेटवस्तूंच्या खोक्यांची चळत,
आमचा गोवर्धन डावीकडून उजवीकडे जातो.
तीन सेकंद.

थांबव, आई म्हणते.
बोटं तंबाखूची, म्हणून स्वतःच कोपराने दाबायला जाते
आणि सिनेमा पुढे पळतो. मी मागे आणते.
पुन्हा जातो. पुन्हा मागे.
मी चेहरा बघते, गाल जरा भरलेत.
मावशी कोट बघते, केवढ्याला पडला असेल.
आई हात बघते.

खोकी रिकामी हायत, ती म्हणते.

कशावरून?

ओझं असं धरत नाहीत.
भरलेलं असतं तर आधी कंबर गेली असती, मग पाय.
ह्यो नुसताच चाललाय.
आणि कानामागं बघ. घाम ओघळलालाय.

मी मोबाइल डोळ्यांशी नेते.
कॉलरपाशी एक चकाकती रेघ आहे,
किंवा काचेवरचा ओरखडा असेल.
आई कात्री खाली ठेवते.
म्हंजे उन्हातच हाय पोरगं, ती म्हणते,
मला वाटलेलं गारठून गेलं आसंल.

मग सुपाकडे बघते. कितवी चालू होती?
आम्हा तिघींनाही आठवत नाही.
बांधलेले कट्टे ती पुन्हा ओळीने मांडते,
पंचवीस, पन्नास, आणि मध्येच थांबून म्हणते,
पंखा लाव जरा.

तंबाखू उडेल की.

उडू दे. तेवढा त्यो रस्ता वलांडंपर्यंत.

पाती कुरकुरत फिरतात,
सुपातून तपकिरी धूळ उठते,
मावशी शिंकते, शिव्या देते, पुन्हा शिंकते.
काचेवरच्या बर्फावर तंबाखू बसते
आणि तिच्यामागून गोवर्धन जातो,
रिकामी खोकी जपून धरत.

आई पदराने काच पुसते.
बंद कर आता, म्हणते,
चारशे व्हायच्यात अजून.